अभ्यास नक्की कोणाचा? मुलाचा, आईचा की बाईंचा?

पालकसभा कुठल्याही शाळेतली घ्या, जिल्हा परिषदेची घ्या नाहीतर मोठ्या गेटवाली इंग्लिश मिडियमची, तासाभरात गाडी एकाच जागी येऊन अडकते. बाई म्हणतात तुम्ही घरी अजिबात बघत नाही, पालक म्हणतात घरीच बघायचं तर शाळेत कशाला पाठवतो, आणि ज्याच्यावरून हे सगळं चाललंय तो मागच्या बाकावर बसून डब्यात काही उरलंय का ते बघतोय.

म्हणून म्हटलं एकदा साध्या भाषेत मांडूया, की पहिली ते आठवीच्या शिक्षणात कायद्याने कोणाचं काम काय ठरवलंय आणि प्रत्यक्षात कोण काय करतंय. माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्याकडे जबाबदारी झटकणारे तितके नाहीत जितकं आपण समजतो, खरा घोळ असा झालाय की तिघंही एकमेकांची कामं करत बसलेत. आई मुलाचा अभ्यास करते, बाई सरकारचे फॉर्म भरतात आणि मूल बिचारं दोघींचा मूड सांभाळतं.

आता कायदा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, सगळे आरटीई म्हणतात तोच, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आपल्याला त्यातलं २५ टक्के अ‍ॅडमिशन आणि त्याची लॉटरी एवढंच माहीत असतं कारण पेपरात तेवढंच येतं. पण त्यातच कलम २४ आहे, शिक्षकांच्या कामांचं, आणि ते प्रत्येक पालकाने एकदा तरी वाचावं असं मला वाटतं. शिक्षकाने नियमित आणि वेळेवर यायचं, ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करायचा हे तर आहेच, पण पुढे असंही आहे की प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत बघून लागेल तसं जादा शिकवायचं. प्रत्येक मुलाची, वर्गाची नाही. आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन हजेरी कशी आहे, शिकायला कसं जमतंय, प्रगती किती झाली हे त्यांना सांगायचं. म्हणजे बाई तुम्हाला बोलावून मुलाबद्दल सांगतात ते उपकार म्हणून नाही, ते त्यांचं कामच आहे, आणि आपण गेलो नाही तर ते काम अर्धवट राहतं हेही तेवढंच खरं.

पालकांसाठी किती कलमं? एकच, कलम १०, आणि तेही एका ओळीचं. मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य. घटनेतही २००२ च्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांमध्ये एक कर्तव्य वाढवलंय, ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं. पण नाही पाठवलं तर पालकाला शिक्षा काय, तर आरटीईमध्ये काहीच नाही. मुद्दाम नाही ठेवलेली. यात सक्ती आहे ती सरकारवर, की मुलाचा दाखला, त्याची हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होणं हे सरकारने बघायचं.

हे पूर्वी असं नव्हतं हां. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. १९१७ चा एक रुपया म्हणजे मजूर माणसाला चांगलाच जड. तेव्हा मूल शाळेत आणणं हीच मोठी लढाई होती, त्यामुळे ते समजू शकतं. आता बहुतेक मुलं दाखल्यावर तरी शाळेत आहेतच, प्रश्न पुढचा आहे, आणि तो दंडाने सुटणारा नाही.

आणि मुलांची कर्तव्यं? कायद्यात एकही नाही. शून्य. कलम १७ मध्ये मुलाला मारायचं नाही, मानसिक त्रास द्यायचा नाही असं आहे, पण मुलाने काय करायचं याबद्दल कायदा गप्प आहे आणि ते बरोबरच आहे, सात वर्षांच्या पोराला कायद्याने काय बांधणार. पण कायद्यात नाही म्हणजे त्याच्याकडे काही कामच नाही असं आपण धरून चालतो आणि सगळी गडबड तिथून सुरू होते.

आता रात्री साडेनऊला क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय चाललेलं असतं बघा. "आज मराठीचा होमवर्क काय आहे?" "पान नंबर ३४ चा फोटो टाका प्लीज." "उद्या पवनचक्कीचं मॉडेल न्यायचंय का परवा?" विचारणाऱ्या सगळ्या आया, उत्तर देणाऱ्याही आया, आणि ज्या पोरांना तो अभ्यास दिलाय ती केव्हाच झोपलीत. मॉडेल तर आता घरी बनवायची पण गरज नाही, शाळेजवळच्या स्टेशनरीवाल्याकडे रेडीमेड मिळतं, ज्वालामुखी हवा, सूर्यमाला हवी, पवनचक्की हवी, दोन-तीनशे रुपये टाका आणि घेऊन जा, वर पुठ्ठ्यावर मुलाचं नाव लिहायला कोरी जागाही सोडलेली असते. बाईंनाही कळतं ते विकतचं आहे. आईला माहीत असतं की बाईंना कळलंय. तरी सगळे मार्क देऊन-घेऊन मोकळे होतात.

गंमत म्हणजे होमवर्क एवढा द्यायचाच नसतो. केंद्राचं स्कूल बॅग धोरण आहे २०२० चं, त्यात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण त्यातच गृहपाठाचंही आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, आठवड्याला म्हणतेय मी, दिवसाला नाही. सहावी ते आठवी दिवसाला फार तर एक तास. आता तुमच्या घरातल्या पहिलीतल्या पोराची डायरी काढून बघा. वर्गात जे राहिलं ते गृहपाठ म्हणून घरी ढकललं जातं, घरी आईला स्वयंपाकाच्या घाईत ते शिकवायला जमत नाही म्हणून ती सरळ सांगून टाकते "हे लिही, मग हे लिही", आणि वहीत सगळं बरोबर. दुसऱ्या दिवशी बाईंना ती वही बघून वाटतं पोराला आलं, पुढे चला. म्हणजे हातच्याची वजाबाकी त्याला वर्गात आली नाही, घरीही आली नाही, पण वहीत मात्र आली. चुकलेलं गणित चुकलेलंच शाळेत गेलं पाहिजे. ती चूक बाईंसाठी माहिती आहे, आणि आपण ती खोडरबरने पुसून पाठवतो.

मुलाचं काम इथे आहे. दप्तर त्याने भरायचं, अभ्यास काय दिलाय ते त्याने लक्षात ठेवायचं किंवा लिहून आणायचं, विसरला तर वर्गात "बाई विसरलो" हे त्यानेच म्हणायचं, नाही समजलं तर हात वर करायचा. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढं जमतं. लगेच नाही जमत, पहिल्या महिन्यात दोन पेन्सिली आणि एक पाण्याची बाटली हरवते, पण सायकल शिकवताना मागचं कॅरियर कधीतरी सोडावंच लागतं ना, तसंच आहे ते.

मग पालकाने घरी करायचं काय? इथे थोडा हिशोब करूया. आरटीईच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा आणि ८०० तास शिकवणं असं ठरवलंय, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. आता मूल रोज दहा तास झोपतं असं धरलं तर वर्षाला जागेपणीचे तास होतात पाच हजारांच्या वर. म्हणजे शाळेच्या वाट्याला साधारण सहावा हिस्सा येतो, बाकी सगळा वेळ घरी, गल्लीत, आजीकडे, मोबाईलवर. या उरलेल्या वेळात परत शाळाच भरवायची असेल तर गोष्ट वेगळी, पण तो वेळ खरं तर दुसऱ्याच कामाचा आहे. झोप, खाणं, खेळणं आणि बोलणं. झोपेचं तर महाराष्ट्र सरकारनेही मनावर घेतलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका, कारण पोरांची झोप होत नाही. पण शाळा ९ ला केली म्हणून पोरगं रात्री साडेअकरापर्यंत आपल्याबरोबर रील बघत बसलं तर त्या आदेशाचा काय उपयोग. तिथे बाई काही करू शकत नाहीत.

बोलण्याचं जरा जास्त सांगते कारण ते फुकट आहे आणि त्याला आईबापाचं शिक्षण लागत नाही. बाजारात भाजी घेताना पावकिलोचे एवढे तर अर्ध्या किलोचे किती, एसटीचा बोर्ड वाचून दाखव, काल आत्या काय म्हणाली ते सांग बरं सगळं पहिल्यापासून. यात भाषा पण आली, गणित पण आलं. राज्यात २०२२ पासून पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी "पहिले पाऊल" नावाचं शाळापूर्व तयारी अभियान घेतात, त्यात गल्लीतल्या-वस्तीतल्या आयांचे माता गट केलेले असतात आणि त्यांना असंच काहीतरी घरच्या घरी करायला दिलं जातं, डाळी-कडधान्यं वेगळी करणं, वस्तू मोजणं, चित्र बघून गोष्ट सांगणं. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तीही हे करू शकते, आणि करते, मी बघितलंय. "आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय" म्हणणारी आई मूग आणि मटकी वेगळी करायला लावून पोराला पन्नासपर्यंत मोजायला लावते तेव्हा ती शिकवतच असते.

आणि आपलं मूल नक्की कुठे आहे हे बघायला ट्यूशनवाल्याची गरज नाही. केंद्राची निपुण भारत मोहीम जुलै २०२१ मध्ये सुरू झाली, तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचता आणि बेसिक गणित यावं, २०२६-२७ पर्यंत, असं तिचं ध्येय आहे. त्यात इयत्तेप्रमाणे टप्पे दिलेत. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचता यावीत आणि ९९ पर्यंत अंक. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत. तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द, समजून, आणि ९९९९ पर्यंत. तर बालभारतीचं पुस्तक उघडा, न वाचलेला धडा काढा, मोबाईलवर एक मिनिट लावा, वाचायला सांगा आणि मग विचारा की यात काय झालं. घाबरवायचं नाही, परीक्षा आहे असं भासवायचं नाही, चहा पिता पिता. मूल अडखळलं तर घरी ओरडाआरडा न करता ते बाईंना जाऊन सांगायचं, कारण कलम २४ प्रमाणे जादा मदत त्यांनी करायची आहे आणि तुम्ही नेमकं कुठे अडतंय ते सांगितलंत तर त्यांचंही काम सोपं होतं.

प्रगतिपत्रकाचंही तसंच. आपण टक्के नाहीतर श्रेणी बघतो आणि सही करतो. आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं २०१० मध्ये, तेव्हा ठरलं की पहिली-दुसरीला ७० टक्के भार वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाला आणि ३० टक्केच सत्राच्या शेवटच्या परीक्षेला. आकारिक म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी वगैरे, आणि त्यातल्या प्रकल्पाचं काय होतं ते वर आलंच आहे. पण त्याच पत्रकात खाली तीन चौकटी असतात, विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. बाईंनी मुलाकडे खरंच बघितलं असेल तर सगळं तिथे लिहिलेलं असतं. आणि नसेल बघितलं तर "वर्गात उत्साही असतो", "अक्षर सुधारणे आवश्यक" असल्या ठरलेल्या ओळी चाळीसच्या चाळीस मुलांना, आता तर त्या नोंदींच्या तयार पीडीएफ फिरतात शिक्षकांच्या ग्रुपवर. दोन मैत्रिणींनी आपापल्या पोरांची पत्रकं शेजारी ठेवून बघा एकदा, कळतं लगेच.

पण थांबा, बाईंवर एकदम घसरायच्या आधी त्यांची बाजू. कायद्यात कलम २७ असं आहे की शिक्षकांना दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरी अशैक्षणिक कामं द्यायची नाहीत. वाचायला छान. आता प्रत्यक्षात, निवडणूक या एका शब्दातच मतदार यादीचं वर्षभराचं बीएलओचं (बूथ लेव्हल ऑफिसरचं) काम येऊन बसतं, त्याशिवाय यूडायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर शाळेची आणि मुलांची माहिती भरणं, मुलांचे आधार जुळवणं, खिचडी किती शिजली किती मुलं जेवली याची रोजची ऑनलाइन नोंद, धान्याचा हिशोब, वरून अर्जंट म्हणून आलेली लिंक जी संध्याकाळी पाचपर्यंत भरायचीच असते. आणि शाळा लहान असेल तर, कायद्यानेच पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे एका गुरुजींकडे दोन-तीन वर्ग एकाच खोलीत, त्यातले एक गुरुजी मीटिंगला तालुक्याला गेले की दुसऱ्याकडे अख्खी शाळा. अशा ठिकाणी पालक "सर शिकवत नाहीत" म्हणतात तेव्हा ते खोटं नसतं पण पूर्णही नसतं.

मग यावर पालकाने काय करायचं? तर इथे एक हत्यार कायद्याने दिलंय आणि ते आपण गंजत ठेवलंय. शाळा व्यवस्थापन समिती. सरकारी, जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांना ती लागू आहे. समितीत ७५ टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा, अध्यक्ष पालकांमधलाच, मुख्याध्यापक सचिव. आणि आपल्या राज्यात दोन विद्यार्थीही बसतात समितीत, मतदानाचा हक्क नसला तरी. शाळेवर देखरेख, शाळेचा विकास आराखडा करणं, आलेलं अनुदान नीट खर्च होतंय का बघणं ही समितीची कामं आहेत. बैठक महिन्याला.

कागदावर. प्रत्यक्षात कसं होतं सांगते, मी स्वतः सदस्य होते म्हणून. शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो, ताई सही करा. कशावर? मीटिंग झाली ना परवा. कधी झाली? करा हो ताई, साहेब येणारेत तपासणीला. अध्यक्ष बहुतेक वेळा सरपंचांचा नाहीतर नगरसेवकाचा माणूस, निम्म्या बायका आहेत पण बोलायला त्यांचे नवरे येतात. पण ज्या महिन्यात आम्ही चार-पाच जणींनी हट्टाने बसायचं ठरवलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की मुलींच्या बाथरूमला कडी नाही म्हणून पाचवीच्या पुढच्या मुली दुपारनंतर घरी जातात. हे सांगितलं कोणी, तर समितीतल्या सातवीच्या मुलीने. बाईंना माहीत होतं, पण दुरुस्तीचे पैसे मागायला कागद कोणी करायचा यात ते अडकलेलं. ठराव झाला, कडी बसली. गणिताचा एकही तास न घेता त्या मुलींची दुपारची हजेरी वाढली.

प्रायव्हेट विनाअनुदानित शाळा असेल तर ही समिती नाही, पण २०११ च्या फी कायद्याने शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ करावा लागतो आणि कार्यकारी समितीत कोण हे इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून ठरतं. बऱ्याच शाळा "मॅडमच्या ओळखीतले" चारजण घेऊन मोकळ्या होतात कारण बाकी कोणी नावच देत नाही.

अमेरिकेत असलेल्या मराठी मंडळींना हे थोडं ओळखीचं वाटेल. तिथे कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळांना टायटल वन नावाचा सरकारी पैसा मिळतो, आणि १९९४ पासून अशा शाळांना पालकांबरोबर बसून एक लेखी करार करावा लागतो, शाळा काय करेल, पालक काय करतील, मूल काय करेल असा, आणि प्राथमिक शाळेत वर्षातून एकदा तरी शिक्षक-पालक भेटीत त्यावर बोलायचं असतं. बऱ्याच शाळा त्यात मुलाचा वेगळा रकाना ठेवतात आणि तिघांच्या सह्या घेतात, सहीची कायद्याने सक्ती नाही तरी. माझी एक मैत्रीण तिकडे आहे, ती म्हणते बऱ्याच जणांचा तो कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली वर्षभर लटकतो, बास. पण मुलाचा रकाना असणं मला आवडलं, "मी न समजलेलं विचारेन" असं त्याने स्वतः वाचून त्याखाली वाकडंतिकडं नाव लिहायचं.

अर्थात हे सगळं दोन वेळचं पोट भरलेल्यांचं झालं. बीडकडचं ऊसतोड कुटुंब घ्या, दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघालं की मार्च-एप्रिलशिवाय परत नाही, म्हणजे अर्धं शालेय वर्ष गेलं. त्या आईला "घरी अभ्यास घ्या" म्हणणं म्हणजे थट्टाच आहे, ती पहाटे फडात असते आणि मोठी पोरगी कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते. तिथे घराची जबाबदारी कमी धरून सरकारची जास्त धरावी लागते, आणि कायदाही तेच म्हणतो, स्थलांतरित मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं स्थानिक प्रशासनाचं काम आहे. गावातच मूल राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं, आणि बरोबर गेलंच तर शिक्षण हमी कार्ड, ते दाखवलं की दुसऱ्या गावच्या शाळेने बसवून घ्यायचं. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही हे तर सगळ्यांनाच लागू, बदली झालेल्या बँकवाल्याच्या मुलालाही. पालकाने इथे एवढंच करायचं की निघण्याआधी गुरुजींना सांगायचं आणि ते कार्ड मागून घ्यायचं.

आणखी एक, कारण याबद्दल खूप गैरसमज आहे. आता पाचवी आणि आठवीला ढकलपास नाही. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला, आपल्या राज्याने २०२३ मध्ये नियम केला, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा होते. नापास झालं तर शाळेने जादा शिकवून पुन्हा परीक्षा घ्यायची, निकालापासून दोन महिन्यांत, आणि तरी नाही जमलं तर त्याच वर्गात. शाळेतून काढता मात्र येत नाही. हे ऐकून लोक पाचवीला क्लास लावायला धावले. पण पाचवीत नापास होणारं मूल दुसरीतच वाचायला अडलेलं असतं, आणि मधली तीन वर्षं त्याच्या वह्या सुंदर होत्या.

तर पुढच्या पालकसभेला "आमचा कसा आहे अभ्यासात?" असं विचारू नका, त्याला "बरा आहे, लक्ष द्या" हेच उत्तर येणार. विचारा की मिनिटाला किती शब्द वाचतो, वर्गात कशात हात वर करतो, कोणाबरोबर डबा खातो, आणि न समजलेलं विचारतो का. मुलालाही बरोबर न्या, त्याच्याबद्दलच बोलणं चाललंय. आणि जूनमध्ये समितीसाठी पालकांची सभा लागेल तेव्हा नोटीस नीट बघा, ती बऱ्याचदा कामाच्या दिवशी भर दुपारची असते, हाफ डे टाकावा लागतो. नवऱ्याला नाही, तुम्ही जा.